मय्यतीच्या घरातला हिशेब

माणसाचा श्वास थांबला की इस्लाम त्याच्या आप्तांना दिरंगाई करू देत नाही. डोळे मिटावेत, गुस्ल द्यावा, कफन घालावे, जनाजाची नमाज पढावी आणि देह मातीच्या स्वाधीन करावा, हे सारे शक्य तितक्या लवकर व्हावे, अशी आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. या शिकवणीचे पालन आपला समाज मनापासून करतो. फजरच्या सुमारास इंतकाल झाला तर बहुधा जोहर किंवा असरच्या नमाजनंतर दफन होते. मोहल्ल्यातील तरुण न सांगता कबर खोदण्यास जातात, कोणी कफनाचे कापड आणतो, कोणी मशिदीतून जनाजा आणून दारात ठेवतो. परगावचा मुलगा पोहोचेपर्यंत थांबावे की नाही यावर चर्चा होते, पण तीही काही तासांपुरतीच.

कबरीवर माती लोटली गेली की ही तत्परता मात्र तेथेच संपते. मृताच्या मागे आणखीही कर्तव्ये उभी असतात. त्याचे कर्ज फेडायचे असते, त्याची वसीयत पूर्ण करायची असते, वारसांना ज्याचा त्याचा वाटा पोहोचवायचा असतो. या कर्तव्यांना महिने लागतात, वर्षे लागतात आणि कित्येकदा ती पुढच्या पिढीच्या अंगावर पडतात. आजोबांच्या नावावरचा सातबारा, वडिलांच्या नावावरचे घर, आणि त्या घरात आपला नेमका हिस्सा किती हे ठाऊक नसलेली नातवंडे, हे चित्र आपल्या खेड्यापाड्यांत आणि शहरांतही अपरिचित नाही. ज्या धर्माने देहाला एक दिवस थांबू दिले नाही, त्याने हक्कांना तीस-चाळीस वर्षे थांबण्याची मुभा दिली असेल काय?

या दिरंगाईचे कारण केवळ आळस किंवा लोभ असते तर उपाय सोपा होता. परंतु तिच्यामागे एक नैतिक समजूत आहे आणि म्हणूनच ती तपासून पाहणे आवश्यक आहे. ती समजूत अशी की, दुःखाच्या घरात पैशाची गोष्ट काढणे अशोभनीय आहे. “अजून कबरीची माती ओली आहे आणि यांना वाटणीचे पडले आहे,” हे एक वाक्य उच्चारले गेले की घरातील सगळे गप्प बसतात. बोलणारा लोभी ठरतो आणि गप्प बसणारा सज्जन. हा निवाडा इस्लामी शिकवणीच्या कसोटीवर टिकतो का, हा आजचा प्रश्न आहे.

दुःखाला जागा आहे

प्रथम हे मान्य केले पाहिजे की या समजुतीत एक चांगुलपणाही आहे. इस्लामने दुःख नाकारलेले नाही. प्रेषितांचे (स.) लहानगे पुत्र इब्राहीम यांनी अखेरचा श्वास घेतला तेव्हा प्रेषितांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. आप्तांसाठी तीन दिवसांचा शोक आणि पत्नीसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत शरीअतने ठरवून दिली. हिजरी सन ८ मध्ये मूता येथील लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाल्याची वार्ता आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) लोकांना सांगितले की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, कारण त्यांच्यावर असा प्रसंग ओढवला आहे की त्यांना दुसरे काही सुचणार नाही. म्हणजे शोकाकुल माणसाचे हात कामातून मोकळे करणे ही शेजाऱ्यांची जबाबदारी ठरली.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या शिकवणीने काम रद्द केले नाही, ते दुसऱ्यांच्या हाती सोपवले. त्या घरात स्वयंपाक होणार नाही म्हणून मुलांनी उपाशी राहावे, असे ती सांगत नाही. हाच न्याय इतर व्यवहारांनाही लागू होतो. दुःखामुळे घरच्यांना हिशेब सुचत नसेल तर ज्याला सुचतो त्याने पुढे व्हावे. हिशेबच होऊ नये, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आणि हिशेब न झाल्यास काय होते? मौन सर्वांना सारखेच पडत नाही. घरातील कोणाच्या तरी हाती कपाटाची किल्ली असते, कोणाला दुकानाची उधारीची वही ठाऊक असते, कोणाच्या ताब्यात मृताचा मोबाईल आणि एटीएम कार्ड असते. बहुधा हा थोरला मुलगा किंवा भाऊ असतो. तो गप्प बसला तरी त्याचे काही अडत नाही. शेतातला माल विकला जातो, भाडे येत राहते, दुकान सुरू राहते. अडते ते पत्नीचे, सासरी असलेल्या मुलीचे, आणि अजून शाळेत जाणाऱ्या धाकट्याचे. त्यांच्या हाती किल्ली नाही आणि तोंडाने मागावे तर लोभाचा ठपका. म्हणून ज्याला आपण शालीनता म्हणतो, तिचा भार घरातील सर्वांत दुबळ्या माणसावर पडतो आणि लाभ सर्वांत सबळ माणसाला मिळतो. ही शालीनता न्यायाची असू शकत नाही.

मालक कोण?

या प्रश्नाच्या मुळाशी मालकीचा विचार आहे. ज्या क्षणी माणूस मरण पावतो त्या क्षणी त्याची मालकी संपते. त्याच्या अंगावरचे घड्याळ, खिशातील पैसे, पोस्टाचे पासबुक, भिशीतील रक्कम, दारातील स्कूटर, गोठ्यातील म्हैस, इतकेच नव्हे तर त्याचे कपडेसुद्धा ‘तरका’ होतात, म्हणजे मागे राहिलेली संपत्ती. या संपत्तीवर क्रमाने चार हक्क लागतात. पहिला कफन-दफनाच्या वाजवी खर्चाचा, दुसरा कर्जाचा, तिसरा वसीयतीचा आणि चौथा वारसांचा. वसीयत ही उरलेल्या संपत्तीच्या एक तृतीयांशापलीकडे जाऊ शकत नाही आणि इतर वारसांची संमती असल्याखेरीज ती एखाद्या वारसाच्या लाभासाठी करता येत नाही. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी आजारपणात आपल्या संपत्तीचा मोठा भाग दान करण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना एक तृतीयांशावर थांबवले आणि तोही पुष्कळ झाला असे सांगितले. वारसांना इतरांपुढे हात पसरावे लागू नयेत, हे त्यामागचे कारण होते.

एका उदाहरणाने हा क्रम स्पष्ट होईल. समजा, एका गृहस्थाने मागे १२,००,००० रुपये ठेवले. त्याचे आईवडील हयात नाहीत; पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. दफनाचा खर्च २०,००० झाला. पत्नीचा न दिलेला महर ५१,००० आणि इतर देणी १,२९,००० निघाली. उरले १०,००,०००. त्याने २,००,००० रुपये गरिबांसाठी देण्याची वसीयत केली होती. ती एक तृतीयांशाच्या आत आहे, म्हणून पूर्ण केली. उरले ८,००,०००. पत्नीचा आठवा हिस्सा १,००,०००. राहिलेल्या ७,००,००० मधून प्रत्येक मुलाला २,८०,००० आणि मुलीला १,४०,०००. कागदाच्या अर्ध्या पानावर मावणारा हा हिशेब आहे. तो कठीण असतो म्हणून राहून जात नाही, तो मांडण्याची लाज वाटते म्हणून राहून जातो.

या चार पायऱ्यांमध्ये ‘थोरल्याची मर्जी’ नावाची पायरी कोठेही नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. वाटणी होईपर्यंत ज्याच्या ताब्यात तरका आहे तो मालक नाही, अमानतदार आहे. आणि अमानतदाराचे पहिले कर्तव्य म्हणजे आपल्याकडे काय आहे ते उघडपणे सांगणे. व्यवहारात ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण शहाणपणाची असेल. अमानतीच्या बाबतीत मात्र मूठ उघडीच असली पाहिजे.

घरात अल्पवयीन मुले असतील तर ही जबाबदारी अधिकच गंभीर होते. अनाथांची संपत्ती अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आग भरत असतात, असा इशारा सूरह निसाच्या १० व्या आयतीत आहे. तीजा, चाळिसावा यांसारख्या प्रथांविषयी आपल्यात मतभेद आहेत. तो वाद येथे बाजूला ठेवू. पण अनाथ मुलाच्या हिश्श्यातून पाहुण्यांची जेवणावळ घालणे किंवा दानधर्म करणे जायज नाही, याविषयी त्या प्रथा मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या दोन्ही बाजूंच्या विद्वानांचे एकमत आहे. अल्पवयीन मूल स्वतः ‘हो’ म्हणाले तरी त्या संमतीला अर्थ नाही. ज्याला पुण्य करायचे आहे त्याने ते आपल्या खिशातून करावे.

कर्ज आणि एक मिनिटाची घोषणा

जनाजाच्या नमाजपूर्वी मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन सांगतो की, मरहूमकडे कोणाचे काही येणे असेल तर त्याने आम्हाला भेटावे किंवा माफ करावे. ही प्रथा चांगली आहे. परंतु अनेकदा कर्जाचा विषय त्या एका मिनिटात सुरू होतो आणि तेथेच संपतो. सफा मोडतात, लोक कब्रस्तानाकडे निघतात, आणि ज्याचे येणे आहे तो बिचारा अशा घरी जाऊन मागणार कसे, म्हणून गप्प राहतो.

सहीह बुखारीत नमूद असलेली एक घटना येथे आठवते. एक जनाजा आणला गेला. मृतावर तीन दीनारांचे कर्ज होते आणि ते फेडण्याइतके त्याने मागे काही ठेवले नव्हते. प्रेषितांनी (स.) स्वतः नमाज पढवली नाही, लोकांना पढण्यास सांगितले. तेव्हा हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले आणि मगच प्रेषितांनी नमाज पढवली. पुढे मुस्लिमांची आर्थिक स्थिती सुधारल्यावर अशा मृतांची देणी प्रेषितांनी स्वतःकडे घेतली. शहीदाचे सारे अपराध माफ होतात, पण कर्ज नाही, हेही त्यांनीच सांगितले आहे. कर्ज हा बंद्यांचा हक्क आहे आणि तो बंद्यालाच पोहोचवावा लागतो.

याहून विस्तृत उदाहरण हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांचे आहे. लोक त्यांच्याकडे अमानत ठेवण्यास येत, तेव्हा ते म्हणत की हे मी कर्ज म्हणून घेतो; अमानत हरवली तर देणाऱ्याचे नुकसान होईल, कर्ज मात्र मला फेडावेच लागेल. जमलच्या लढाईच्या दिवशी आपल्या मृत्यूची चाहूल लागल्यावर त्यांनी पुत्र अब्दुल्लाह यांना जवळ बोलावून सांगितले की मला सर्वांत मोठी चिंता माझ्या कर्जाची आहे. हिशेब केला तेव्हा कर्ज २२ लाख भरले. रोख काहीच नव्हते. जमिनी आणि घरे होती. अब्दुल्लाह (रजि.) यांनी मदीनेजवळची ‘गाबा’ नावाची जमीन विकून कर्ज फेडले. त्यानंतर भावांनी वारसा वाटून मागितला. अब्दुल्लाह यांनी सांगितले की चार वर्षे हजच्या दिवसांत मी घोषणा करीन. कोणाचे येणे राहिले असेल तर तो येईल. मगच वाटणी करीन. चार वर्षे त्यांनी तशी घोषणा केली आणि मग वाटणी झाली. चार पत्नींपैकी प्रत्येकीच्या वाट्याला १२ लाख आले.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, वाटणीला विलंब करणे प्रत्येक वेळी गैर नसते. पण तो विलंब कोणाच्या तरी हक्कासाठी होता, त्याचे कारण सर्वांना सांगितले होते आणि त्याला मुदत होती. ‘पाहू पुढे’ या दोन शब्दांवर चालणारा विलंब वेगळा. दुसरी गोष्ट अशी की, जुबैर (रजि.) यांच्या मुलांनी वाटणी मागितली म्हणून त्यांना कोणी लोभी म्हटले नाही. हक्क मागणे हा त्या घरात अपराध नव्हता.

कर्जांमध्ये एक कर्ज असे आहे की ते घरातच असून दिसत नाही. ते म्हणजे पत्नीचा न दिलेला महर. काही ठिकाणी जनाजा उठण्यापूर्वी बायका विधवेला पतीच्या देहाजवळ नेतात आणि “महर माफ केला म्हण” असे सांगतात. त्या क्षणी ती ‘नाही’ म्हणू शकेल काय? सूरह निसाच्या ४ थ्या आयतीने पतीला महरातील काही भाग स्वीकारण्याची मुभा दिली आहे ती पत्नीने स्वखुशीने दिला तरच. शोकाने भान हरपलेल्या स्त्रीच्या तोंडून काढून घेतलेला शब्द स्वखुशीचा नसतो. मृताला ओझ्यातून खरोखर मुक्त करायचे असेल तर त्याच्या पत्नीचा महर इतर कर्जांप्रमाणे तरक्यातून द्यावा. नंतर शांतपणे तिला काय करायचे ते ती ठरवील.

अल्लाहच्या हक्कांविषयीही विचार व्हावा. मृतावर जकात बाकी असेल किंवा फर्ज हज राहून गेला असेल तर शाफई मसलकानुसार तो खर्च वाटणीपूर्वी तरक्यातूनच करावा लागतो. हनफी मसलकानुसार मृताने तशी वसीयत केली असेल तर एक तृतीयांशातून. आपल्या कोकणातील बहुतेक घरे शाफई, तर देशावरील व मराठवाड्यातील बहुतेक घरे हनफी आहेत. दोन्हींत नातेसंबंधही होतात. म्हणून मृताचा मसलक कोणता होता हे पाहून आपल्या आलिमांना विचारावे.

ज्या स्त्रीने विचारले

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शोकाच्या घरात पैशाची गोष्ट काढणे अशोभनीय आहे काय?

हिजरी सन ३ मध्ये उहुदच्या लढाईत हजरत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. हजरत जाबिर (रजि.) यांच्या वर्णनानुसार, त्यांची पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आली. तिने सांगितले की या सअदच्या मुली. त्यांचे वडील आपल्याबरोबर लढताना शहीद झाले. आता त्यांच्या चुलत्याने सर्व संपत्ती ताब्यात घेतली आहे आणि संपत्तीवाचून यांचे विवाह होणार नाहीत. प्रेषितांनी (स.) तिला रागावले नाही. पतीच्या कबरीची माती अजून ओली असल्याची आठवण तिला करून दिली नाही. अल्लाह याचा निर्णय करील, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर वारशाची आयत अवतरली. प्रेषितांनी चुलत्याला बोलावून सांगितले की मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे आणि उरेल ते तुझे. संपत्तीचे २४ भाग केले तर मुलींना १६, आईला ३ आणि चुलत्याला ५.

एका विधवेने शोकाच्या दिवसांत उच्चारलेल्या प्रश्नाचे उत्तर आकाशातून आले आणि ते प्रलयापर्यंत पढले जाईल. तिने गप्प राहण्याची शालीनता दाखवली असती तर तिच्या मुली रित्या हाती राहिल्या असत्या. यानंतर आपल्या घरातील एखादी विधवा किंवा मुलगी विचारू लागली तर तिला लोभी म्हणण्याचे धाडस आपण कोणत्या तोंडाने करतो?

आपल्या मुंबईच्या इतिहासात याच्या अगदी उलट चित्रही आढळते. १८४७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयात खोजा आणि मेमन समाजांतील वारशाचे खटले उभे राहिले. मुलींच्या बाजूने कुरआनाने ठरवलेला हिस्सा मागितला गेला. न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी निर्णय दिला तो मुलींच्या विरोधात, कारण त्या समाजांत मुलींना वारसा न देण्याची रूढी असल्याचे सिद्ध झाले. कुरआनाचा आदेश न्यायालयाने आपल्या मनाने डावलला नव्हता. समाजाच्या रूढीने तो आधीच डावलला होता. अशा रूढींना बाजूला सारून शरीअत लागू व्हावी, हा १९३७ च्या शरीअत कायद्याचा एक प्रमुख हेतू होता. त्या कायद्याला धक्का लागू नये म्हणून आपण सभा घेतो, निवेदने देतो. परंतु घरात बहिणीला हिस्सा न देता रूढीच चालवायची असेल, तर आपण नेमके कशाचे रक्षण करत आहोत?

नेहमीची उत्तरे

बहिणीच्या हिश्श्याचा विषय निघाला की काही ठरावीक उत्तरे मिळतात. त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे.

एक उत्तर असे की, तिच्या निकाहात अब्बांनी खूप खर्च केला. पित्याने हयातीत जे दिले ती भेट होती; वारसा मृत्यूनंतर सुरू होतो. मुलांच्या शिक्षणावर आणि व्यवसायावर झालेला खर्च आपण त्यांच्या हिश्श्यातून वजा करत नाही, मग तिच्या लग्नाचा का करावा?

दुसरे उत्तर असे की, अम्मी हयात आहेत तोवर वाटणी नको, त्यांना वाईट वाटेल. भावना समजण्यासारखी आहे. पण अम्मी स्वतः वारस आहेत. त्यांचा आठवा हिस्सा त्यांच्या हाती आला तर त्यांना औषधासाठीही मुलांकडे मागावे लागणार नाही. शिवाय हिस्से ठरवणे वेगळे आणि चूल वेगळी करणे वेगळे. हिस्से लिहून ठेवून सर्वांनी एकाच घरात प्रेमाने राहावे, त्याला कोणाची हरकत आहे? घर लहान असेल तर त्याची किंमत ठरवून एकाने ते ठेवावे आणि इतरांना त्यांची रक्कम हप्त्याने का होईना, मुदत ठरवून द्यावी.

तिसरे उत्तर असे की, बहिणीने आपणहून सोडून दिले. कधी कधी हे खरेही असते. पण आधी एवढे पाहावे की तिला तिचा हिस्सा किती आहे हे सांगितले होते काय? हक्कसोडपत्रावर सही केली नाही तर ईदला माहेरचे दार उघडेल की नाही, ही भीती तिच्या मनात होती काय? भीतीपोटी दिलेली सही नोंदणी कार्यालयात चालेल. हश्रच्या मैदानात चालेल काय, याचा विचार भावाने करावा. उत्तम मार्ग हा की प्रथम तिचा हिस्सा तिच्या ताब्यात द्यावा आणि मग तिने भावाला काही द्यायचे तर द्यावे. किंवा परस्परसंमतीने योग्य मोबदला घेऊन ती वाटणीतून बाहेर पडू शकते. फिकहमध्ये याला ‘तखारुज’ म्हणतात.

चौथे उत्तर, वाटणीने भांडणे होतात. मराठीत ‘भाऊबंद’ म्हणजे आप्त, पण ‘भाऊबंदकी’ म्हणजे आप्तांतील वैर. लोकांच्या कटू अनुभवातून हा शब्द घडला आहे. पण ती भांडणे बारकाईने पाहिली तर ती बहुतेक वेळा वेळेवर केलेल्या हिशेबातून नव्हे, तर न केलेल्या हिशेबातून उद्भवलेली दिसतात. पहिल्या पिढीत चार वारस असतात आणि सर्वांना सत्य ठाऊक असते. तिसऱ्या पिढीत चाळीस होतात आणि प्रत्येकाकडे वेगळी कहाणी असते.

करावयाच्या गोष्टी

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिकेत करावी. दफनाची पावती जपून ठेवावी आणि दाखल्याच्या अनेक प्रती घ्याव्यात. मृताचे नाव आधार कार्डावर जसे आहे तसेच दाखल्यात आले आहे काय, हे तेथेच तपासावे. ‘शेख’ पुढे की मागे, एवढ्या फरकानेही पुढे विधवेला खेटे घालावे लागतात.

पहिल्या आठवड्यातच एक वही करावी. एका बाजूला मृताकडे काय होते आणि कोणाकडून येणे होते, दुसऱ्या बाजूला कोणाचे देणे होते. ती सर्व प्रौढ वारसांसमोर, पत्नी आणि मुलींसमोरही, वाचून दाखवावी. ज्यांचे येणे असण्याची शक्यता आहे त्यांच्याकडे आपण जावे. त्यांच्या येण्याची वाट पाहू नये.

मृताच्या मोबाईलवरून किंवा एटीएम कार्डाने पैसे काढू नयेत, मग ते घरखर्चासाठी का असेनात. ती रक्कम आता सर्व वारसांची आहे. बँकेला कळवून रीतसर दावा करावा. ‘नॉमिनी’ म्हणून ज्याचे नाव आहे तो शरीअतनुसार मालक ठरत नाही. त्याने रक्कम स्वीकारून हक्कदारांना द्यायची असते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपन्यांच्या शेअरच्या संदर्भात, केवळ नामनिर्देशनामुळे वारसाहक्क डावलला जात नाही, असे स्पष्ट केले आहे.

शेतजमीन असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचे असते. वारस नोंदीच्या अर्जात मुलींची नावे गाळली जातात, असे पुष्कळदा घडते. वारस म्हणून सर्वांची नावे न लिहिणे म्हणजे सरकारी कागदावर खोटी साक्ष देणे होय. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे वाटणी झाली असेही नाही. हिस्से आलिमांकडून काढून घ्यावेत आणि कागदपत्रे जाणत्या वकिलाकडून करून घ्यावीत.

ही कामे शोकाकुल घराला एकट्याने करवत नाहीत. म्हणून ज्या जमातीने कबर खोदली, जेवणाचे डबे पोहोचवले, तिनेच आणखी एक पाऊल पुढे टाकावे. प्रत्येक मशिदीच्या जमातीत एक आलिम, एक हिशेब जाणणारा आणि एक सरकारी कार्यालयांची माहिती असलेला माणूस एवढे तिघे जण तयार असावेत. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी त्या घरी जाऊन विचारावे. प्रश्न जमातीने विचारला की विधवेला तो विचारावा लागत नाही, आणि लोभाचा ठपका कोणावरच येत नाही.

आणि आपण जे हयात आहोत, त्यांनी आपल्या मुलांना या संकोचातून आजच मोकळे करावे. ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही घालवू नयेत, अशी प्रेषितांची (स.) ताकीद आहे. आपले देणे, घेणे, पत्नीचा बाकी महर, लोकांच्या अमानती हे सर्व एका कागदावर लिहावे आणि तो कोठे आहे हे घरात किमान दोघांना सांगून ठेवावे.

मृतावरील प्रेम अश्रूंनी व्यक्त होते, दुआने व्यक्त होते. पण ज्याची जीभ आता बंद झाली आहे, जो स्वतःचे कर्ज फेडू शकत नाही आणि आपल्या मुलीला तिचा वाटा देऊ शकत नाही, त्याच्या वतीने ते काम करणे हेही प्रेमच आहे. अल्लाह आपल्या मरहूम आप्तांची मगफिरत करो, त्यांच्यावर राहिलेले हक्क आपल्या हातून फेडून घेवो, आणि कोणा विधवेचे, बहिणीचे वा अनाथाचे देणे मागे ठेवून आपल्याला या जगातून नेऊ नये. आमीन.